पाचची टाकू का साडेसातची?

गेल्या आठवड्यात एका रात्री साडेनऊला मामांचा फोन. हॅलो बिलो काही नाही, डायरेक्ट, "आरं, मोटर परत जळली बघ. आता दहाचीच टाकतो, उद्यमनगरात काय भाव चाललाय सांग."

परत म्हणजे दुसऱ्यांदा. दिवाळीनंतर एकदा जळली होती, तेव्हा गावाकडंच रिवाइंडिंग (आतली जळलेली तांब्याची तार काढून नवीन भरणं) करून घेतली आणि महिनाभरात पुन्हा तेच. साडेसात एचपीची (हॉर्सपॉवरची) मोटर, भोगावती नदीच्या काठाला पंप, वर अडीच एकर ऊस. मामांचा हिशोब सरळ आहे, साडेसातची जळते म्हणजे साडेसातची कमी पडते, म्हणजे दहाची टाका, विषय संपला. मी म्हटलं मामा थांबा, ह्या वेळी पण रिवाइंडिंगच करा, पण जुनं वाइंडिंग काढायच्या आधी त्याचा एक फोटो पाठवायला सांगा, आणि रविवारी मी टाँग टेस्टर (वायरीला चिमट्यासारखा लावून अँपिअर बघायचा मीटर) घेऊन येतो, तोवर नवीन काही घेऊ नका. मामा म्हणाले, "जळल्यालं काय बघणार तू त्यात?" पण फोटो पाठवला.

मामांचं नंतर सांगतो. आधी हा जो प्रश्न आहे ना, "किती एचपीची टाकू", हा मला महिन्यातनं दहा वेळा तरी येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक ड्रिल, वेल्डिंग, कन्व्हेअर (माल वाहून नेणारे पट्टे) आणि असलीच किरकोळ मशिनरी बनवतो, त्यामुळं पाव्हण्यांपासून फौंड्रीवाल्यांपर्यंत सगळे हेच विचारतात आणि सगळ्यांना उत्तर फोनवर पाहिजे असतं, एक आकडा. आणि आकडा सांगितला की पुढचं वाक्य ठरलेलं, "मग एक साइज मोठीच टाकूया, राहूदे." हे "राहूदे" लई महागात पडतं. मला पडलंय, म्हणून लिहितोय.

मुळात गडबड कुठं आहे सांगतो. मोटरवर पाच एचपी लिहिलंय म्हणजे ती सुरू केली की पाच एचपी फेकायला लागते असं लोकांच्या डोक्यात बसलंय. तसं नसतंय. मशीन जेवढं मागतंय तेवढंच मोटर ओढते. दोन मागितलं तर दोन देईल, पाच मागितलं तर पाच, आणि सात मागितलं तरी मुकाट्यानं सात देईल, फक्त तापत तापत देईल आणि एक दिवस वास येईल. प्लेटवरचा आकडा म्हणजे "एवढं मी दिवसभर न जळता देऊ शकते" एवढाच शब्द आहे तिचा. म्हणजे किती एचपी हे मोटरला विचारायचंच नसतं, मशीनला विचारायचं असतं. आणि मशीनला कुणी विचारत नाही, दुकानदाराला विचारतात.

सहासात वर्षांपूर्वीची गोष्ट. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) सँडचा, म्हणजे साच्याच्या वाळूचा, कन्व्हेअर दिला होता, बारा मीटर लांब, थोडा चढ. मी मनातल्या मनात दोन एचपीचा हिशोब केला होता, गिअरबॉक्स पण त्याच मापाचा घेतला. शेट म्हणाले, "मेस्त्री, पाचची टाका की, माझ्याकडं पडूनच आहे, परत परत भानगड नको." मला पण बरं वाटलं, मोटरचे पैसे वाचले, आणि मोठी मोटर म्हटल्यावर बंद पडायची भीती नाही. बसवली. आठदहा महिने एकदम निवांत चाललं. मग एका रात्री सेकंड शिफ्टला तुटक्या रनरचा (ओतकामातलं टाकाऊ लोखंड) एक तुकडा बेल्ट आणि मागच्या ड्रमच्या मधे जाऊन अडकला. दोनची मोटर असती तर तिथंच घों करून बसली असती, रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) ट्रिप, पोरांनी तुकडा काढला असता, पाच मिनिटांचं काम. पण पाचची मोटर, आणि कुठलीही साधी इंडक्शन मोटर क्षणभर आपल्या रेटिंगच्या दुप्पट अडीचपट जोर लावू शकते, म्हणजे दोन एचपीच्या गिअरबॉक्सवर दहाबारा एचपीचा दणका. बेल्टचा जोड फाटला आणि गिअरबॉक्स गेला. सकाळी तेल सोडलं तर तेलात सोन्यासारखा चुरा चमकत होता, ब्राँझच्या व्हीलचे दात सगळे त्या तेलात. मोटरला काय झालं? काही नाही, मोटर ठणठणीत. शेट ओरडले नाहीत, ते व्हील नुसतं माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि चहा सांगितला. निम्मे पैसे मी भरले.

आता कोणी म्हणेल रिले कमीवर लावायचा होता की. हे मी पण नंतर करून बघितलं, आणि तिथं खरी गंमत कळली. पाचची चार पोलची (मिनिटाला साधारण १४४० फेरे घेणारी) मोटर फुल लोडला साधारण साडेसात अँपिअर घेते, पण नुसती मोकळी फिरताना पण तीनेक अँपिअर घेतेच. तो करंट काम करत नसतो, नुसतं लोखंडात चुंबक उभं करायला लागतो. त्यामुळं पाचच्या मोटरवर दीड एचपीचं काम टाकलं तर करंट तीनवरनं साडेतीनला जातो, आणि एवढ्याशा फरकावर रिलेला काय कप्पाळ कळणार की मशीन अडकलंय का चाललंय. मोठी मोटर टाकली की मशीनची नाडीच हाताला लागत नाही.

आणि ह्याच कारणानं, लोक टाँग टेस्टर लावून सांगतात ना, "पाचची मोटर चारच अँपिअर घेतीय म्हणजे निम्म्या लोडला आहे", ते पण चूक असतंय. चार अँपिअरला ती निम्म्यापेक्षा बऱ्यापैकी खाली असते, चाळीस टक्क्यांच्या आसपास. फुल लोडच्या जवळ अँपिअर खरं बोलतो, खाली खोटं बोलतो. खालचं खरं बघायचं असेल तर वीज मीटर बघा. मीटरवर जो लाल दिवा लुकलुकतो ना, त्याच्या शेजारी एक आकडा छापलेला असतो, एका युनिटला किती लुकलुक तो. समजा १२०० लिहिलंय. बाकी सगळं बंद करायचं, फक्त ते एक मशीन कामावर लावायचं, आणि मोबाइलमधे घड्याळ लावून एक मिनिट मोजायचं. ४८ वेळा लुकलुकलं तर ४८ गुणिले ६० भागिले १२००, म्हणजे २.४ किलोवॅट आत जातंय. त्यातलं पंधरा टक्के मोटर स्वतः खाते असं धरा, शाफ्टला २.०४ राहिलं. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे पावणेतीन एचपी झालं. फुकटातलं टेस्टिंग आहे हे, आणि मी आजवर किती जणांना सांगितलं असेल, करून बघणारे दोन का तीन निघाले.

त्या गिअरबॉक्सच्या प्रकरणानंतर त्याच शेटनी दुसरा कन्व्हेअर मागितला (माणूस चांगला आहे), तेव्हा मी अंदाज बंदच केला. जुन्याच बेल्टवर रोजच्यासारखी सँड भरली, मोटरची कपलिंग सोडवली, गिअरबॉक्स पण सोडवला म्हणजे ड्रम मोकळा, बेल्टला एक पट्टी क्लॅम्प केली, तिला लटकता काटा अडकवला, भंगारवाले वापरतात तो, आणि काट्याला चेनपुली लावून हळूहळू ओढायला लागलो. सगळी फौंड्री बघायला गोळा झाली, एक जण म्हणाला मेस्त्रींनी कन्व्हेअरचं वजन करायला काढलंय. काटा वर वर गेला, ११० ला गेल्यावर बेल्ट सरकला, आणि सरकत असताना ९० च्या आसपास राहिला. बस्स. एवढ्यासाठीच सगळा खटाटोप. बेल्टचा स्पीड ०.८ मीटर सेकंदाला. ९० किलो, त्याला दहानं गुणलं की ९०० न्यूटन झालं, गुणिले ०.८ म्हणजे ७२० वॅट. वर्म गिअरबॉक्स चांगलाच खादाड असतो, त्यात तीस टक्के जातात असं धरलं तर मोटरला १०३० वॅट द्यायला लागणार. दीड किलोवॅटची म्हणजे दोन एचपीची मोटर टाकली, सत्तर टक्के लोडला चालते, उरलेले तीस टक्के ओल्या सँडला आणि उन्हाळ्याला. सुरू करताना ११० लागतंय, ते चालताना लागतंय त्याच्यापेक्षा वीसबावीस टक्के जास्त, आणि डायरेक्ट स्टार्टरवर (पूर्ण व्होल्टेज एकदम देणाऱ्या) मोटर उठताना दुप्पट जोर लावते, म्हणजे तीपण काळजी नाही. शेटना मात्र अजून पटलेलं नाही, कुणी विचारलं तर तीनची आहे म्हणून सांगतात.

फिरणारं मशीन असेल तर पुलीला दोरी गुंडाळून तोच काटा लावायचा. किलो गुणिले दहा गुणिले पुलीची त्रिज्या मीटरमधे, हा झाला टॉर्क (फिरवायचा जोर), तो गुणिले आरपीएम भागिले ९५५० की किलोवॅट. पण हे नुसतं फिरवायला लागणारं झालं, कापायला, दळायला, कांडायला जे लागतं ते वेगळं, ते मशीनला माल घालूनच बघावं लागतं. आणि एक, पुली बदलून टॉर्क वाढतो, एचपी वाढत नाही. मोटरला लहान पुली टाकून "जोर वाढवला" म्हणणारे भेटतात, जोर वाढला, स्पीड कमी झाला, हिशोब तिथल्या तिथंच.

मोठी मोटर बसण्याचं अजून एक कारण आहे ते कुठल्या पुस्तकात नसेल. तीनच्या आणि पाचच्या चार पोल मोटरचा शाफ्ट एकच असतो, २८ एमएम. त्यामुळं तीनची जळली आणि दुकानात त्या दिवशी पाचचीच शिल्लक असली, की पुली तशीच बसते, खाली फक्त बेस जुळवायची भानगड करायला लागते कारण सेंटरची उंची १२ एमएमनं बदलते, १०० चं ११२ होतं. चाललं, बसली, सुरू झाली. पुढच्या वेळी कोण विचारतंय आधी किती होती. पाचवरनं साडेसातला जाताना मात्र शाफ्ट एकदम ३८ होतो आणि पुली बदलायला लागते, म्हणून लोक पाचला थांबतात. बऱ्याच मशिनींचा एचपी असा पुलीच्या भोकानं ठरलेला असतो.

आता उलटी बाजू, मोटर कमी पडते म्हणून जी ओरड असते ती. त्यातली निम्मी ओरड सुरू होण्याची असते, चालण्याची नसते. आमच्या ओळखीतली एक गिरणी आहे, दहाची मोटर, स्टार डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी जोरावर, स्टारमधे, उठवतो, मग पूर्ण जोरावर, डेल्टात, टाकतो). बाप गिरणी चालवायचा तोवर काही तक्रार नव्हती, पोरगा बसायला लागला आणि तक्रार सुरू, "लाइट जाऊन आली की मोटर उचलतच नाही, नुसती घुमते, पंधराची टाकू का?" मी जाऊन बघितलं तर दळता दळता लाइट गेली की जात्यात गहू तसाच अडकलेला, आणि लाइट आली की हा डायरेक्ट बटण दाबणार. स्टारमधे मोटरचा जोर तिसऱ्या हिश्श्यावर येतो. डायरेक्टवर सुरू होताना दुप्पट जोर असेल तर स्टारमधे फुल लोडच्या दोनतृतीयांशच मिळाला, आणि जात्यात गच्च माल. त्यात संध्याकाळी व्होल्टेज ४१५ चं ३५० वर आलं की जोर अजून खाली, कारण तो व्होल्टेजच्या वर्गानं पडतो, व्होल्टेज १६ टक्क्यांनी उतरलं तर जोर जवळजवळ ३० टक्क्यांनी जातो. बापाला हे सगळं गणित येत नव्हतं, पण लाइट गेली की तो आधी चाक फिरवून जातं सैल करायचा, मोटर मोकळी उठवायचा, मग हळूहळू दाबायचा. पोराला एवढंच सांगितलं. पंधराचे पैसे वाचले, वर गिरणीतनं पाच किलो शाळूचं पीठ मिळालं मला.

किती वेळ चालणार हे पण लोक सांगत नाहीत. कांडप मशीन वर्षभर निम्मं झोपलेलं असतं आणि चटणीच्या दिवसांत, मार्च ते मे, सकाळी सातपासनं रात्रीपर्यंत चालू, ते पण बरोबर उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडात, मोटरच्या पंख्याच्या जाळीवर मिरचीचा थर. मोटरचं रेटिंग हवा ४० डिग्रीपर्यंत आहे असं धरूनच दिलेलं असतं, आणि पत्र्याखाली ४० कधीच ओलांडलेलं असतं. वाइंडिंग दहा डिग्री जास्त तापलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा जुना हिशोब आहे. इथं मात्र मी स्वतःच एक साइज मोठी सांगतो, कारण ह्याला कारण आहे, हे "राहूदे" नाही. उलट हॉइस्ट असेल, दोन मिनिटं चालणार दहा मिनिटं थांबणार, तिथं प्लेटवर एस १ (सतत चालणारी) च्या जागी एस ३ (थांबून थांबून चालणारी) लिहिलेली मोटर मिळते, ती तेवढ्यासाठीच. फौंड्रीत तर साइज बरोबर असून पण मोटर जळते, कारण बॉडीच्या फिनमधे काळी सँड भरून ती गुळगुळीत झालेली असते. आठवड्याला एकदा हवा मारा, एचपी वाढवण्यापेक्षा स्वस्त.

व्हीएफडी (मोटरचा स्पीड कमीजास्त करणारा ड्राइव्ह) लावणाऱ्यांना फक्त एक सांगतो, स्पीड कमी केला की मोटरचा स्वतःचा पंखा पण कमी फिरतो, दहा हर्ट्झवर पूर्ण टॉर्क दिवसभर मागाल तर मोटर करपणार. वेगळा पंखा बसवून घ्या.

बरं, मामा.

फोटो आला तो झूम करून बघितला. सगळं वाइंडिंग एकसारखं काळं, गोल सगळीकडनं. हे बघायचंच होतं मला. सिंगल फेजिंगनं (तीनपैकी एक फेज गेल्यामुळं) जळली असती तर काही कॉइल काळ्या आणि काही चांगल्या पिवळ्या तांबूस अशी पट्टी पट्टी दिसली असती. एकसारखं काळं म्हणजे तिन्ही फेजला सारखा ताण, म्हणजे एक तर ओव्हरलोड, नाहीतर हवा कोंडलेली. म्हणजे मामा म्हणत होते ते अर्धं बरोबर होतं, मोटरवर लोड जास्त येत होता. पण हीच मोटर हाच पंप सात वर्षं चालवत होती (मधे २०१९ ला आणि २०२१ ला पुरात बुडाली तेव्हा रिवाइंडिंग झालंय, ते सोडा), मग आत्ताच लोड कुठनं आला?

रविवारी गेलो. पंपाशेजारी उभा राहून नुसतं बघितलं तर दोन गोष्टी नवीन. एक, आधी तीन इंची लोखंडी पाइप होता, गंजलेला, आतनं पापुद्रे धरलेला, दोनशे मीटर. तो काढून मामांनी ह्या वर्षी नवीन चार इंची प्लास्टिकचा टाकलाय. दोन, खालच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले होते, त्यामुळं नदी काठोकाठ, पाणी पंपाच्या पार जवळ आलेलं.

"मामा, पाइप बदलला सांगितलं नाहीत."

"आरं त्यात काय सांगायचं, चांगलाच टाकलाय की. पाणी बघ कसलं फेकतोय."

तिथंच सगळं होतं. सेंट्रिफ्युगल पंपाचं काम उलटं असतंय. आपल्याला वाटतं उंचावर पाणी चढवायचं म्हणजे लोड जास्त, आणि चढ कमी झाला की मोटरला आराम. होतं उलटंच. चढ कमी झाला, घर्षण कमी झालं, की पंप अडवणारं कोणी राहत नाही, तो जास्तच पाणी ओढायला लागतो, आणि जेवढं पाणी जास्त तेवढा मोटरवर लोड जास्त. जुन्या पाइपात गंजामुळं दहाअकरा मीटरचा हेड (पाणी तेवढं उंच चढवायला लागतो तेवढा जोर) नुसत्या घर्षणात जायचा. एकूण हेड तीस मीटरच्या घरात, पाणी सेकंदाला आठ लिटर. आठ गुणिले तीस भागिले ७५ म्हणजे ३.२ एचपी, पंपाची एफिशियन्सी ५५ टक्के धरली तर ५.८ एचपी. साडेसातची मोटर निवांत. आता नवीन पाइपात घर्षण निम्म्याहून खाली आलं, नदी पण वर आली, हेड वीसच्या आसपास, पाणी बारा लिटरच्या पुढं, आणि पंप अशा जागी चाललाय जिथं त्याची एफिशियन्सी पार ढासळते. म्हणजे तो आठ एचपीच्या घरात मागतोय. पाइप चांगला टाकला म्हणून मोटर जळली.

टाँग टेस्टर लावला, १२.६ अँपिअर. प्लेटवर ११. करंट पंधरा टक्के जास्त, पण तापणं करंटच्या वर्गानं असतं, म्हणजे उष्णता तीस टक्के जास्त. मग रिलेनं का नाही तोडलं? स्टार्टर उघडला, स्टार डेल्टा, रिले ११ वर लावलेला. ज्यानं लावला त्यानं प्लेट बघून लावला, बरोबरच वाटेल कुणालाही. पण ह्या स्टार्टरमधे रिले मेन लाइनीत नाही, मोटरच्या फेजमधे आहे, आणि तिथं लाइनीच्या ५८ टक्केच करंट असतो. म्हणजे तो ६.४ वर पाहिजे होता. लाइनीत १२.६ म्हणजे रिलेला ७.३ दिसत होते, आणि तो ११ ची वाट बघत बसला होता. मोटर जळून कोळसा झाली तरी त्याच्या दृष्टीनं सगळं झकास.

मग दहाची का नको? चालली असती, खोटं कशाला बोलू. आठचा लोड दहाच्या मोटरला जड नाही. पण मामांना वाटत होतं दहाची टाकली की पाणी पण वाढेल, ते नाही. पंप तोच, आरपीएम तेच २८८० च्या आसपास, पाणी पण तेवढंच. पातेलं मोठं घेतलं म्हणून आमटी वाढत नाही. आणि नवीन मोटर, नवीन स्टार्टर, रस्त्यापासनं पंपापर्यंत जाड केबल, वर २०२४ पासनं जी साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे त्यातनं बाहेर. एवढं सगळं कशासाठी, तर पंप जे जास्तीचं पाणी फेकतोय ते चालू ठेवायला, आणि ते पाणी पण सरीत मावत नव्हतं, बांध फुटून शेजाऱ्याच्या रानात चाललं होतं, त्यावरनं वेगळी भांडणं.

डिलिव्हरीचा (पंपातनं पाणी बाहेर जातं त्या पाइपाचा) गेट व्हॉल्व पूर्ण उघडा होता. तो बंद करायला लागलो तर मामा म्हणाले, "आरं बंद करायलाईस व्हय, अजून लोड यील की मोटरवर." म्हटलं बघा फक्त. एक आटा, दोन आटे, काटा हलायला तयार नाही, गेट व्हॉल्वला निम्म्यापर्यंत काही फरक पडतच नाही. मग पुढं एकेक आटा जपून. १२ झाले, ११.४ झाले, शेवटी १०.३ वर थांबवला. मामा टेस्टरकडं बघायचे, व्हॉल्वकडं बघायचे, परत टेस्टरकडं. मग स्वतः एक आटा उघडला, आकडा वर गेला, परत बंद केला, आकडा खाली. तीनचार वेळा केलं. सरीला पाणी बऱ्यापैकी येत होतं. रिले ६.४ वर लावला.

दुसरा उपाय म्हणजे इंपेलर (पंपातलं पाणी फेकणारं चाक) लेथवर थोडा उतरवायचा. पाच टक्के व्यास कमी केला तर लोड चौदापंधरा टक्क्यांनी उतरतो, आणि व्हॉल्व दाबून जी ताकद वाया जाते ती पण वाचते. उद्यमनगरात अर्ध्या तासाचं काम आहे, मीच करून दिलं असतं. पण उन्हाळ्यात नदी खाली गेली की परत तोच हेड पाहिजे होणार, आणि उतरवलेला इंपेलर काही वाढवता येत नाही. मामांना पण व्हॉल्वच पटला, हातात राहतो म्हणून.

निघताना त्यांनी खडू मागितला, माझ्याकडं मार्किंगचा होता तो दिला. पंपघराच्या भिंतीवर आत त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, "बर्गे हाईत — बंद करून चार आटे उघडायचा. बर्गे न्हाईत — अँपर बघून." आणि काल फोन आला की टाँग टेस्टर कितीला मिळतोय.